नागपुरात बसून लहान एअरलाइनमध्ये पायलटची नोकरी कशी शोधायची

सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात आलं, उड्डाणाचे दोनशे तास झाले, घरच्यांनी पेढे वाटले, आता पुढे काय करू ताई, हा प्रश्न नागपूर, अमरावती, गोंदियाकडची पोरं मला सारखी विचारत असतात. मी टर्बोप्रॉपवर, म्हणजे प्रोपेलरवाल्या विमानावर, फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, घर आमचं खामल्याला, आणि लायसन्स आल्यापासून पहिली नोकरी लागेपर्यंत एकोणीस महिने मी घरी काढले आहेत, त्यामुळे हे जे लिहून राहिली ते भोगलेलं आहे. देशाला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३० हजार पायलट लागणार असं मंत्री सांगतात, असेलही, पण २०२३ या एकाच वर्षात डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने १६२२ सीपीएल दिली आणि मोठ्या एअरलाइनची फ्रेशरची जागा निघाली की ही सगळी पोरं एकाच दाराशी उभी राहतात. लहान एअरलाइनच्या दाराशी गर्दी कमी असते असं नाही, पण तिथली भरती वेगळ्या पद्धतीने होते आणि ती पद्धत समजली तर दोनशे तासवाल्यालाही जागा मिळते.

ती पद्धत एका वाक्यात सांगते. लहान एअरलाइन वर्षभर माणसं घेत नाही, विमान येणार असलं की घेते, नाहीतर कोणी सोडून गेलं की घेते, आणि तेव्हा तिला आजच्या आज तयार असलेला माणूस पाहिजे असतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी कोण कोण आहे ते बघू. अलायन्स एअर सरकारी आहे, एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ही सरकारकडेच राहिली, एटीआर ७२ आणि एटीआर ४२ ही टर्बोप्रॉप चालवते, शिवाय ईशान्येकडे एचएएलने कानपूरला बनवलेलं डॉर्नियर २२८. आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ ला पहिलं मुंबई-अमरावती विमान उतरलं ते यांचंच एटीआर. स्टार एअर कोल्हापूरच्या घोडावत ग्रुपची, जानेवारी २०१९ पासून उडते, यांच्याकडे एम्ब्रेअर जेट आहेत, ५० सीटचं १४५ आणि ७६ सीटचं १७५, आणि नागपूर-बेळगाव यांनीच सुरू केलं. फ्लाय९१ गोव्याची, फक्त एटीआर ७२-६००, जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर अशा ठिकाणी जाते. भुवनेश्वरची इंडियावन एअर सेसना कॅराव्हॅन चालवते, नऊ सीटचं एक इंजिनवालं विमान, ओडिशातल्या उत्केला, जेपोरसारख्या गावांना. इंडिगो लहान नाहीच, पण तिच्याकडे एटीआरचा मोठा ताफा आहे, म्हणून एटीआर शिकलेल्या माणसाला पुढे तोही रस्ता उघडा असतो.

आता हे ध्यानात ठेवा की या धंद्यात कंपन्या आणि रूट दोन्ही बंद पडतात. लहान शहरं विमानाने जोडायची सरकारी उडान योजना ऑक्टोबर २०१६ ला जाहीर झाली, २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्लीच्या जोडीने नांदेड-हैदराबाद सुरू झालं, ते ट्रूजेटचं होतं, आणि फेब्रुवारी २०२२ ला ट्रूजेट थांबली. गोंदियाला मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगचं एटीआर आलं तेव्हा तिथल्या बिरसी विमानतळावर लोक मुलाबाळांना घेऊन विमान पाहायला गेले होते, काही महिन्यांत ती सेवा बंद. याचं कारण समजून घ्या. उडानमध्ये रूट चालवताना जो तोटा येतो त्याची भरपाई सरकार तीन वर्षं देते, तीन वर्षांनी ते पैसे थांबतात आणि तोपर्यंत प्रवासी जमले नसतील तर विमान दुसरीकडे जातं. कॅगच्या २०२३ च्या अहवालात लिहिलं आहे की उडान-३ पर्यंत दिलेल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि जे ३७१ सुरू झाले त्यातले फक्त ११२ पूर्ण तीन वर्षं चालले. मी हे घाबरवायला नाही सांगत. एखाद्या कंपनीने नोकरी दिली तर तिचे किती रूट उडानच्या पैशावर आहेत आणि त्यांची तीन वर्षं कधी संपतात हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण तुमचं लोन त्या पगारावर फिटणार आहे.

जागा निघणार हे आधी कसं ओळखायचं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

जाहिरात येते तोपर्यंत उशीर झालेला असतो, तेव्हा नजर विमानांवर ठेवा. एका एटीआरला साधारण पाच-सहा क्रू लागतात, म्हणजे तितकेच कॅप्टन आणि तितकेच को-पायलट. कंपनीने जाहीर केलं की दिवाळीपर्यंत दोन एटीआर लीजवर येऊन राहिले, तर दहा-बारा को-पायलट लागणार हे तुम्ही घरी बसून मोजू शकता, आणि त्यांना टाइप रेटिंग म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची परवानगी, ट्रेनिंग, रिलीज म्हणजे ट्रेनिंग संपून ड्युटीवर मोकळं सोडणं, असं सगळं करून उभं करायला अर्धं वर्ष जातं, म्हणून भरती विमान येण्याच्या बऱ्याच आधी होते. फ्लाय९१ चं बघा, त्यांना परमिट मिळालं ६ मार्च २०२४ ला आणि पहिलं प्रवासी विमान उडालं १८ मार्चला, मध्ये फक्त बारा दिवस, म्हणजे पायलट सगळे आधीच घेऊन ठेवलेले होते. नव्या एअरलाइनला आधी मंत्रालयाची एनओसी मिळते, मग डीजीसीएची तपासणी, प्रूव्हिंग फ्लाइट म्हणजे चाचणीची उड्डाणं, आणि मग एओसी म्हणजे विमानसेवा चालवायचं परमिट. एनओसी मिळाल्याची बातमी वाचली की त्या कंपनीचं नाव वहीत लिहा, बायोडाटा पाठवा, पण एओसीच्या आधी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. एनओसी म्हणजे परवानगीची सुरुवात, विमान उडालं असं नाही.

वर्षात दोनदा शेड्यूल बदलतं, मार्चच्या शेवटी समर आणि ऑक्टोबरच्या शेवटी विंटर. डीजीसीए प्रत्येक वेळी कोणत्या एअरलाइनला आठवड्याला किती उड्डाणं मंजूर झाली ते जाहीर करते, ते मागच्या सीझनशी ताडून बघा, कोण वाढून राहिलं आणि कोण आटून राहिलं ते लगेच कळतं. डीजीसीएच्या साइटवर एओसी असलेल्या कंपन्यांची यादी पण आहे, चार्टरवाल्यांची सुद्धा, त्यात कोणाकडे कोणतं विमान ते दिलेलं असतं. ही यादी मी प्रिंट काढून भिंतीला लावली होती, आई म्हणायची देवाच्या फोटोशेजारी काय लावून ठेवलं हे.

दुसरी खूण म्हणजे मोठ्या एअरलाइन कॅप्टन घेऊन राहिल्या का. एटीआरचा अनुभवी कॅप्टन मोठ्या कंपनीत गेला की इथे सिनियर को-पायलटचा अपग्रेड होतो आणि खाली जागा रिकामी होते. आणि २०१७ च्या डीजीसीएच्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची नोटीस आहे, को-पायलटला सहा महिन्यांची, त्यामुळे आज कोणी राजीनामा टाकला तर जागा केव्हा निघेल हे सुद्धा मोजता येतं. ड्युटीचे नियम पण बघत जा. नव्या एफडीटीएलमध्ये, म्हणजे पायलटच्या ड्युटी-विश्रांतीच्या नियमांत, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीच्या लँडिंगवर बंधन आलं, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती तुम्ही टीव्हीवर बघितलीच. तेवढ्याच विमानांना आता जास्त पायलट लागतात, आणि मोठ्यांनी माणसं ओढली की सगळ्यात आधी लहान कंपन्यांत जागा निघतात.

आता तयारी. लायसन्स आल्यावर बरीच पोरं इथे चुकतात, नोकरी नाही म्हणून उडणं बंद करतात. सीपीएल आता दहा वर्षांचं मिळतं, ऑक्टोबर २०२३ ला नियम बदलला, आधी पाच वर्षं होतं, म्हणून लोकांना वाटतं की लायसन्स जिवंत आहे म्हणजे झालं. नाही हो. तुमचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे आयआर, बाहेर न दिसता उपकरणांवर उडवायची परवानगी, आणि क्लास वन मेडिकल दरवर्षी संपतं, आणि लहान एअरलाइनचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, आयआर करंट आहे का, मेडिकल कधीपर्यंत आहे. आयआर संपलेलं असेल तर तुमची फाइल खाली जाते, कारण त्यांना पुढच्या सोमवारी ग्राउंड क्लास सुरू करायचा असतो आणि तुम्ही अजून मल्टी इंजिनचं विमान कुठे रिकामं मिळेल ते शोधत असता. माझ्या पहिल्या दोन संधी अशाच गेल्या. तेव्हापासून मेडिकलची तारीख संपायच्या दोन-अडीच महिने आधीच मी अपॉइंटमेंट बघते, कारण ती लवकर मिळत नाही आणि एखादी तपासणी पुन्हा करायला सांगितली तर अजून वेळ जातो.

कागदांची एक फाइल आणि तीच फोनमध्ये पीडीएफ. दहावी-बारावीच्या मार्कशीट, पासपोर्ट, सीपीएल मल्टी इंजिन आणि आयआरसकट, आरटीआर आणि एफआरटीओएल ही रेडिओची लायसन्स, इंग्लिश प्रोफिशिअन्सी किमान लेव्हल ४, मेडिकल, डीजीसीएचे पेपर पास झाल्याचे रिझल्ट, सीए-४० आणि सीए-४१ फॉर्मवरचे उड्डाण-चाचणीचे रिपोर्ट, आणि लॉगबुकची एक पानाची समरी. समरीत एकूण तास, पीआयसी म्हणजे कमांडर म्हणून उडवलेले, मल्टी, इन्स्ट्रुमेंट, रात्रीचे आणि मागच्या सहा महिन्यांतले तास, बेरीज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर जी आहे तीच. एका मुलाची बेरीज लॉगबुकात आणि ईजीसीएवर दोन तासांनी वेगळी निघाली आणि तेवढ्यावर त्याला थांबवलं, तासांच्या बाबतीत कोणी सवलत देत नाही आणि देऊ पण नये. बाहेर देशी, अमेरिकेत किंवा साउथ आफ्रिकेत शिकला असाल तर कन्व्हर्जन, म्हणजे तिकडचं लायसन्स भारतीय करून घेणं, पूर्ण झाल्याशिवाय अर्जच करू नका.

मेल पाठवताना विषयाच्या ओळीतच सगळं लिहा: फर्स्ट ऑफिसर, सीपीएल मल्टी आयआर, २१५ तास, आयआर अमुक महिन्यापर्यंत, लगेच जॉइन होऊ शकतो. लहान कंपनीचं ऑफिस एका मजल्यावर असतं, एचआरमध्ये दोन-तीन लोक, ते शंभर मेल उघडत नाहीत, विषय वाचतात. करिअर पेजवर फॉर्म भरा, आणि दर तीन महिन्यांनी नवे तास, नवी तारीख टाकून तोच मेल परत पाठवा. त्रास दिल्यासारखं वाटतं, पण मला ज्या मेलवरून बोलावलं तो माझा पाचवा होता. आणि माणसांना भेटा. गोंदियाला एनएफटीआय या फ्लाइंग स्कूलचे, आपल्या नागपूर फ्लाइंग क्लबचे जुने विद्यार्थी सगळीकडे पसरलेले आहेत, सोनेगाव विमानतळावर आणि मिहानच्या एमआरओत, म्हणजे विमान दुरुस्ती केंद्रात, इंजिनिअर मंडळी आहेत ज्यांना कोणाचं विमान कधी येऊन राहिलं हे पायलटच्या आधी कळतं. वशिला लावा असं मी म्हणत नाही. नोकरी परीक्षेतूनच लागते, ओळखीतून फक्त बातमी वेळेवर मिळते.

परीक्षा कशी असते तर लेखी, त्यात नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन, टेक्निकल, मग सायकोमेट्रिक, मग कुठे सिम चेक म्हणजे सिम्युलेटरवरची परीक्षा तर कुठे थेट इंटरव्ह्यू. लेखीसाठी डीजीसीएच्याच पेपरांची उजळणी पुरते, पण रोज. इंटरव्ह्यूला मात्र ज्या विमानासाठी गेलात ते विमान माहीत पाहिजे. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं वेगळं छोटं इंजिन, नसतं, जमिनीवर उजव्या इंजिनाला प्रोपेलर ब्रेक लावून इंजिन चालू ठेवतात आणि त्यावर वीज-हवा घेतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात, हे न सांगता येणारा मुलगा तिथे काय म्हणून आला असं समोरच्या कॅप्टनला वाटणारच. अपघाताचे दोन अहवाल वाचून जा. ३१ ऑक्टोबर १९९४, अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ बर्फामुळे पडलं, ६८ लोक गेले, त्यानंतर एटीआरच्या आयसिंगच्या कार्यपद्धती बदलल्या. आणि १५ जानेवारी २०२३, पोखरा, येती एअरलाइन्स, ७२ लोक. उतरायच्या आधी फ्लॅपच्या लिव्हरऐवजी प्रोपेलरचे दोन्ही कंडिशन लिव्हर हलवले गेले, दोन्ही प्रोपेलर फेदर झाले म्हणजे पाती वाऱ्याला समांतर वळली, इंजिन चालू पण थ्रस्ट शून्य. दुसऱ्या पायलटने कोणता लिव्हर हलवला ते डोळ्याने बघणं, हा को-पायलटच्या नोकरीचा अर्धा भाग आहे, आणि इंटरव्ह्यू घेणारे हे तुम्हाला कळतं का तेच बघून राहिलेले असतात.

एक फायदा आपल्याला आहे. मे महिन्यात नागपुरात ४५ च्या वर पारा जातो, तेव्हा गरम हवेत विमानाला धावपट्टी जास्त लागते हे आपल्याकडच्या फ्लाइंगवाल्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. नागपूरची धावपट्टी ३२०० मीटर, अमरावतीची १८५०, त्याच उन्हात तेच एटीआर दोन्हीकडून काढायचं तर वजनाचा हिशोब कसा बदलेल, हे स्वतः बसून सोडवा. मला असाच प्रश्न आला होता आणि मी बेलोऱ्याचंच उदाहरण दिलं.

टर्बोप्रॉप का, जेट का नाही, हे विचारतातच. खरं उत्तर द्या. इथे दिवसाला चार-पाच सेक्टर म्हणजे उड्डाणं होतात, लहान विमानतळ असतात, पावसाळ्यात व्हिजिबिलिटी पाच किलोमीटरच्या खाली गेली की बऱ्याच ठिकाणी उतरताच येत नाही, हातानं उडवणं जास्त. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायच्या लायसन्सला, १५०० तास लागतात, तीन वर्षांत कॅप्टनच्या सीटचा विचार करता येतो, जेटवर रांग लांब असते. "जेट मिळेपर्यंत टाइमपास" असं ज्याच्या मनात आहे ते त्याच्या बोलण्यात दिसतं, आणि लहान कंपनी अशा माणसावर ट्रेनिंगचा खर्च करत नाही.

आता पैशाचं, हे आईबाबांनी पण वाचा. सीपीएलवर आधीच पन्नास लाखांच्या वर गेलेले असतात आणि त्यानंतर कोणीतरी म्हणतं आधी टाइप रेटिंग करून टाका, नोकरी पक्की. कंपनीचं लेखी पत्र हातात नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करू नका. विमान उडवायला मिळालं नाही तर रेटिंगची करन्सी म्हणजे वैधता जाते, पुन्हा सिम, पुन्हा चेक, पुन्हा पैसे. कंपनी म्हणाली की निवड झाली, रेटिंगचा खर्च तुमचा, तर तो व्यवहार होऊ शकतो, पण मग बघा की पैसे थेट ट्रेनिंग सेंटरला जाऊन राहिले का, जॉइनिंगची तारीख लिहिली आहे का, आणि विमान आलं नाही तर काय. बाँड असेल तर किती वर्षांचा, दर वर्षी रक्कम कमी होते का, कंपनीच बंद पडली तर बाँडचं काय, हे एखाद्या वकिलाला दाखवा, नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, वकिलांची वाण नाही. आमच्या बाबांनी एका कन्सल्टंटला दीड लाख दिले होते, आत ओळख आहे म्हणाला, पुढे फोन लागेना. बाबा अजून त्याबद्दल बोलत नाहीत. कोणतीही एअरलाइन मध्यस्थामार्फत पैसे घेऊन को-पायलट ठेवत नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

तोपर्यंत काय करायचं, तर उडत राहायचं. सगळ्यात चांगला मार्ग इन्स्ट्रक्टरचा, असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करा, पगार कमी पण तास वाढतात आणि शिकवताना स्वतःचं पक्कं होतं. बेलोऱ्याला एअर इंडियाची फ्लाइंग अकादमी उभी राहून राहिली, त्यासाठी ३४ ट्रेनर विमानं मागवली आहेत, ३१ पायपर आणि ३ डायमंड, विदर्भातल्या पोरांनी तिकडे इन्स्ट्रक्टरच्या जागांवर लक्ष ठेवावं. चार्टर आणि एअर अॅम्ब्युलन्सवाले पण को-पायलट घेतात, तिथे कामाचे तास ठरलेले नसतात आणि दोनशे तासवाल्याला क्वचित घेतात, पण पाचशे झाले की विचारतात. काहीच नाही तर दर दोन-तीन महिन्यांनी एकदा तरी उडा, नव्वद दिवसांतल्या तीन टेकऑफ-लँडिंगचं गणित सुटू देऊ नका.

निवड झाली की ग्राउंड क्लास, सिम, स्किल टेस्ट, मग रिकाम्या विमानात लँडिंग, मग प्रवाशांसोबत लाइन ट्रेनिंग, मग रिलीज. रिलीज होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी फक्त स्टायपेंड मिळतो, म्हणून सहा महिन्यांचा घरभाडं-जेवणाचा खर्च बाजूला ठेवा, बेस नागपूर मिळेल या भरवशावर राहू नका. माझा बेस दुसऱ्या राज्यात आहे, सुट्टीला घरी येते तेव्हा शेवटचं विमान रात्री सोनेगावला उतरतं आणि बाबा अजूनही अरायव्हलला स्कूटर घेऊन उभे असतात.